कॅनडात जोडीदाराला बोलावताना

लग्न ठरले की मुहूर्त, कार्यालय, मानपान ह्यांची चौकशी घरातील दहा माणसे करतात. परंतु वधूवरांपैकी एक जण कॅनडात स्थायिक असेल, तर दुसऱ्याला तेथे कायम वास्तव्याचा हक्क, म्हणजे ज्याला सर्वत्र ‘पीआर’ म्हणतात तो, कोणत्या मार्गाने मिळवून द्यावयाचा ह्याची चौकशी बहुधा मांडवाचे तोरण उतरल्यावर सुरू होते, आणि तीही ओळखीच्या एखाद्या गृहस्थाच्या पाच-सात वर्षांपूर्वीच्या अनुभवावर विसंबून. वाचकांच्या पत्रांतून तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात: पगार किती असावा लागतो, आधी व्हिजिटर व्हिसावर नेऊन मग अर्ज करणे सोयीचे का, रजिस्टर लग्न आधी उरकून घेतले तर काम लवकर होईल का, दोन वर्षांच्या आत पटले नाही तर पीआर जातो का. ह्या प्रश्नांची उत्तरे येथे क्रमाने दिली आहेत. विचार केवळ कॅनडाचा आहे. अमेरिका, ब्रिटन वा ऑस्ट्रेलिया येथील कायदे निराळे असल्याने येथील उत्तरे तिकडे लावू नका.

आरंभीच एक सांगितले पाहिजे. ह्या प्रकरणात अधिकाऱ्याला तुमची ओळख होते ती केवळ कागदांवरून, आणि तो कागदांत संपत्ती किंवा प्रतिष्ठा शोधीत नसून एक सुसंगत, पडताळून पाहता येईल असा संसार शोधीत असतो. सबब अर्ज लवकर दाखल करण्यापेक्षा तो पूर्ण आणि सत्य दाखल करणे ह्यातच वेळेची खरी बचत आहे.

स्पॉन्सर होण्यास तुम्ही पात्र आहात का?

स्पॉन्सर अठरा वर्षे पूर्ण झालेला, कॅनडाचा नागरिक किंवा पीआरधारक असावा लागतो (तेथील नोंदणीकृत मूलनिवासींनाही हा हक्क आहे). ह्यापुढे मात्र नागरिक आणि पीआरधारक ह्यांच्या वाटा वेगळ्या होतात. नागरिक परदेशी राहत असला तरी, जोडीदाराला पीआर मिळताच आपण कॅनडात राहावयास जाणार आहोत हे पटवून देऊन, अर्ज करू शकतो. पीआरधारकाला अर्जाच्या वेळी कॅनडातच वास्तव्य असावे लागते. कंपनीच्या कामासाठी वर्षभर पुण्यात येऊन राहिलेल्या, आणि त्याच मुक्कामात लग्न करून अर्जही येथूनच टाकू म्हणणाऱ्या पीआरधारकाने म्हणूनच आधी परतण्याची तजवीज केली पाहिजे.

पुढील परिस्थितीत स्पॉन्सर होता येत नाही:

- तुम्ही स्वतः जोडीदाराच्या स्पॉन्सरशिपवर कॅनडात आलेले असाल आणि तुम्हाला पीआर मिळून पाच वर्षे झालेली नसतील;
- पूर्वीच्या जोडीदारासाठी दिलेल्या हमीची मुदत अद्याप चालू असेल, किंवा त्या हमीपोटी सरकारचे देणे थकलेले असेल;
- अपंगत्वाखेरीज अन्य कारणाने तुम्ही शासकीय निर्वाह-साहाय्य घेत असाल (बेकारी विमा ह्यात मोडत नाही);
- दिवाळखोरी जाहीर होऊन तीतून अद्याप मुक्तता झालेली नसेल;
- हिंसेच्या किंवा लैंगिक स्वरूपाच्या विवक्षित गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल, तुरुंगवास चालू असेल, किंवा देश सोडण्याचा हुकूम निघालेला असेल.

पगाराविषयीची भीती बव्हंशी निराधार आहे. आईवडिलांना बोलावताना उत्पन्नाची किमान मर्यादा असते. नवऱ्याला किंवा बायकोला बोलावताना सर्वसाधारणपणे ती नसते. तथापि आपण दोघे खाणार काय आणि राहणार कोठे ह्याचे समंजस उत्तर अर्जात असले पाहिजे, एवढे पुरे.

हमीपत्रावर सही करण्यापूर्वी

स्पॉन्सर जे हमीपत्र लिहून देतो त्याची मुदत जोडीदाराला पीआर मिळाल्या दिवसापासून तीन वर्षे असते. ह्या काळात जोडीदाराने सरकारकडून निर्वाह-साहाय्य घेतले, तर ती रक्कम स्पॉन्सरकडून वसूल करता येते. घटस्फोट झाला, नोकरी गेली किंवा दोघे वेगळ्या शहरांत राहू लागले तरी ही जबाबदारी संपत नाही. जोडीदाराला पीआर मिळण्यापूर्वी अर्ज मागे घेता येतो, नंतर नाही. ज्यांना क्वेबेक प्रांतात राहावयाचे आहे त्यांनी ध्यानात ठेवावे की तेथे प्रांतिक सरकारचे हमीपत्र आणि निवड-प्रमाणपत्र ही वेगळी पायरी असते, आणि अर्ज घेण्याची प्रांताची कमाल मर्यादा भरली की प्रतीक्षा लांबते.

दोन मार्ग, आणि त्यांतील न दिसणारा फरक

अर्ज दोन वर्गांत करता येतो. पहिला, मुख्यत्वे कॅनडाबाहेरील जोडीदारासाठीचा कुटुंब-वर्ग. दुसरा, कॅनडात स्पॉन्सरसह प्रत्यक्ष राहत असलेल्या जोडीदारासाठीचा वर्ग. बोलीभाषेत ह्यांना ‘आउटलँड’ आणि ‘इनलँड’ म्हणतात. लोक ह्या दोहोंची तुलना केवळ कोणता लवकर आटोपतो एवढ्याच दृष्टीने करतात, आणि प्रतीक्षेचा काळ तर दर काही महिन्यांनी पालटत असतो. निर्णय ज्यावर घ्यावयाचा ते मुद्दे वेगळेच आहेत.

आउटलँड अर्ज नामंजूर झाला तर स्पॉन्सरला इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे तीस दिवसांच्या आत अपील करता येते, आणि तेथे नवा पुरावा सादर करून, साक्ष देऊन, सारे प्रकरण पुन्हा मांडता येते. इनलँड अर्ज नामंजूर झाल्यास हे अपील नाही. उरतो तो फेडरल कोर्टाकडे पंधरा दिवसांत दाद मागण्याचा मार्ग. ते न्यायालय निर्णय वाजवी रीतीने घेतला गेला की नाही एवढेच तपासते, तुमचे लग्न खरे आहे की नाही हे स्वतः ठरवीत नाही, आणि दाद मागण्यासाठीही त्याची आधी अनुमती घ्यावी लागते.

दुसरा फरक प्रवासाचा आहे. इनलँड अर्जदाराने मध्येच भारतात येऊन, घरच्या कोणाच्या आजारपणासाठी का होईना, मुक्काम केला आणि परतताना सरहद्दीवर प्रवेश नाकारला गेला, तर अर्जाचा आधारच, म्हणजे कॅनडातील सहवास, नाहीसा होतो.

इनलँडच्या बाजूने मुख्य आकर्षण असते ते खुल्या वर्क परमिटचे, आणि ते खरेही आहे. तथापि २०२३ पासून, कॅनडात स्पॉन्सरबरोबर वैध दर्जावर राहणाऱ्या आउटलँड अर्जदारांनाही अशा परमिटची सोय करण्यात आली. सबब अर्ज करतेवेळी चालू नियम पाहूनच निवड करा. आमचे मत विचाराल तर, जोडीदार भारतात असेल आणि पुराव्यात कोठे कच्चा दुवा आहे असे तुम्हाला स्वतःलाच वाटत असेल, तर अपिलाचा हक्क सोडू नका.

लग्न दोन्ही देशांच्या कायद्यांत बसले पाहिजे

लग्न जेथे लागले तेथील कायद्याने ते वैध असावे आणि कॅनडाच्या कायद्यालाही ते मान्य असावे, अशी दुहेरी कसोटी आहे. २०१५ पासून, वधूवरांपैकी एक जण प्रत्यक्ष उपस्थित नसताना दूरध्वनीवर, व्हिडिओवर किंवा प्रतिनिधीमार्फत लागलेले लग्न ह्या कामी ग्राह्य धरले जात नाही, आणि दोघांचेही वय अठरा पूर्ण असावे लागते.

महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार विवाहाची नोंदणी लग्नापासून नव्वद दिवसांच्या आत करावयाची असते. नंतर होते, पण अधिक शुल्क देऊन. वधू आणि वर भिन्न धर्मांचे असतील, किंवा त्यांपैकी एक जण परदेशी नागरिक असून हिंदू नसेल, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा लागू पडतो. त्यात दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात तीस दिवसांचे वास्तव्य, मग नोटीस, आणि हरकतींसाठी पुन्हा तीस दिवस असा क्रम असल्याने, तीन आठवड्यांची रजा घेऊन येणाऱ्याने नोटीस आधीच दिली गेली आहे ना हे पाहावे. गोव्यात विवाहाची दिवाणी नोंदणी दोन टप्प्यांत होते, प्रथम इराद्याची नोंद आणि मग सह्या. दुसरा टप्पा राहून गेला असेल तर चर्चमधील किंवा देवळातील विधीची छायाचित्रे कितीही असली तरी कायदेशीर विवाहाचा पुरावा तुमच्या हाती नाही.

पूर्वविवाहाची बाब सर्वांत नाजूक. समाजाच्या पंचांपुढे झालेली काडीमोड अधिकाऱ्याला सहसा पटत नाही. न्यायालयाचा हुकूमनामा लागतो. त्याहून अवघड प्रश्न परदेशातील घटस्फोटाचा. भारतात हिंदू विवाह कायद्याखाली लागलेले लग्न एकाने परदेशी न्यायालयात, दुसऱ्याच्या गैरहजेरीत आणि संमतीवाचून मोडून घेतले असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या नरसिंह राव प्रकरणातील निर्णयानुसार भारतात तो घटस्फोट बहुधा मान्य होत नाही. तशा स्थितीत मुंबईत वा नागपुरात लागलेले दुसरे लग्न ‘जेथे लागले तेथे वैध’ ह्या कसोटीवरच डळमळते. असे प्रकरण असेल तर लग्नाची तारीख ठरवण्याआधी वकिलाला भेटा.

मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न झालेल्यांनी घाबरून नाते लपवू नये. कॅनडाचा कायदा सरळ रेषेतील पूर्वज-वंशज आणि भावंडे ह्यांच्यातीलच विवाह निषिद्ध मानतो. आपल्याकडे मात्र हिंदू विवाह कायद्यात असा संबंध रूढी असेल तरच चालतो, म्हणून ती रूढी आपल्या समाजात आहे हे पत्रात स्पष्ट लिहावे.

लग्न न करता किमान बारा महिने सलग एकत्र राहिलेल्यांनाही जोडीदार म्हणून अर्ज करता येतो. समलिंगी जोडप्यांना हे विशेष उपयोगी आहे, कारण भारतात त्यांच्या विवाहाला कायद्याची मान्यता नाही, कॅनडात २००५ पासून देशभर आहे. कायद्याच्या अडथळ्यामुळे ज्यांना लग्नही करता येत नाही आणि एकत्रही राहता येत नाही, अशांसाठी किमान एक वर्षाच्या दृढ संबंधावर आधारलेला आणखी एक वर्ग आहे. तेथे अडथळा खरोखर अनिवार्य होता हे सिद्ध करावे लागते.

नावांचा घोळ

आपल्या नावांची रचना कॅनडातील अधिकाऱ्याला परिचित नसते. समजा, मुलीच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव प्रथम, मग तिचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टावर तिचे आणि वडिलांचे नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. विवाह-प्रमाणपत्रावर नवऱ्याचे नाव आणि त्याचे आडनाव. आणि सासरी तांदळांत लिहून ठेवलेले नवे नाव आधार कार्डावर. चार कागद, चार नावे, आणि माणूस एकच. घरातल्यांना ह्यात काही विशेष वाटत नाही. पण पाहणाऱ्याला त्या चार वेगळ्या स्त्रिया वाटू शकतात.

- अर्जात नाव लिहावयाचे ते पासपोर्टावर जसे आहे तसेच, अक्षरशः. पासपोर्ट माहेरच्या नावाचा असला तरी अर्जास बाध येत नाही.
- वापरात असलेली किंवा पूर्वी असलेली इतर सर्व नावे त्यासाठी असलेल्या रकान्यात द्यावीत.
- अर्ज चालू असताना केवळ हौसेखातर पासपोर्टावरील नाव बदलू नका. बदलावेच लागले तर ताबडतोब कळवा.
- नाव राजपत्रात बदलले असेल तर त्या राजपत्राची प्रत जोडा. अन्यथा ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र करून द्या.

मराठी कागदांचे इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर लागते, आणि ते घरच्या माणसाने, मग तो भाषेचा प्राध्यापक का असेना, केलेले चालत नाही. भाषांतरकार प्रमाणित नसेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे. जुन्या गावनोंदीतून काढलेल्या जन्माच्या उताऱ्याचेही असेच भाषांतर करून घ्या, आणि त्यातील जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळत नसेल तर गप्प न बसता खुलासा जोडा.

लग्न खरे आहे हे कसे दाखवावे?

नियमाची भाषा कठोर आहे. लग्न मुख्यतः पीआर मिळवण्यासाठी केलेले असेल, किंवा ते खरे नसेल, तर अर्ज नामंजूर होतो. ह्या दोहोंपैकी एक जरी ठरले तरी पुरते. म्हणजे आज संसार सुखाने चालू असला, तरी सुरुवातीचा हेतू वेगळा होता असे दिसल्यास अर्ज पडू शकतो.

ठरवून केलेल्या लग्नांविषयी कायद्याला आक्षेप नाही. नात्याची माहिती विचारणाऱ्या नमुन्यात तसा प्रश्नच असतो. अडचण येते ती आपण जे गृहीत धरतो ते अधिकाऱ्याला ठाऊक नसल्यामुळे. साखरपुडा म्हणजे काय, केळवण कशासाठी, कांदेपोहे खाऊन दोन तासांत होकार कसा दिला गेला, आणि त्याआधी दोन्ही घरांनी महिनाभर कोणामार्फत चौकशी केली होती, हे एक-दोन वाक्यांत समजावून सांगा. ‘अरेंज्ड मॅरेज’ एवढे दोनच शब्द लिहिणे पुरेसे नाही.

छायाचित्रांचेच पाहा. तपासयादी वीसपर्यंत छायाचित्रे आणि संभाषणाच्या दहापर्यंत पानांची मर्यादा घालते. तरीही लोक अंतरपाटापलीकडील एकाच क्षणाची बारा छायाचित्रे पाठवतात. त्याऐवजी साखरपुड्याचे एक, लग्नाची तीन-चार, त्यांत दोन्हीकडील आईवडील दिसतील अशी, सासरच्या स्वयंपाकघरातील एखादे, नंतरच्या भेटींतील काही, अशी निवड करा. प्रत्येकाखाली तारीख, स्थळ आणि उभ्या असलेल्या माणसांची नावे नात्यासह लिहा: ‘डावीकडून वधूचा मामा, वधू, वर, वराची मोठी बहीण’. फेटा बांधलेल्या पंधरा जणांत नवरा कोणता हे परक्या माणसाला ओळखता येत नाही. संभाषणाच्या प्रतींतही सलग दहा दिवसांच्या ‘जेवलीस का’पेक्षा वर्षभरातील निरनिराळ्या महिन्यांतील पाने अधिक बोलकी ठरतात.

ह्याखेरीज पुढील कागद उपयोगी पडतात:

- एकमेकांना भेटण्यासाठी केलेल्या प्रवासाची तिकिटे आणि पासपोर्टावरील शिक्के;
- पैसे पाठवल्याच्या नोंदी, संयुक्त खाते, विम्यात किंवा भविष्यनिर्वाह निधीत वारस म्हणून जोडीदाराचे नाव;
- लग्नपत्रिका, कार्यालयाची पावती;
- दोन्ही घरांतील वडीलधाऱ्यांची पत्रे, ज्यांत प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टी लिहिल्या आहेत, गोडवे गायलेले नाहीत.

‘काम लवकर व्हावे’ म्हणून आधी रजिस्टर लग्न आणि दहा महिन्यांनी वैदिक विधी, ही आता आपल्याकडे रूढ झालेली पद्धत आहे. ती बेकायदेशीर नाही. परंतु मधल्या काळात दोघे वेगळे राहिलेले, पत्रिकेवर दुसरीच तारीख, आणि प्रमाणपत्रावर पहिली, असे कागद विनाखुलासा पुढे आले की लग्न व्हिसासाठी केले हा संशय बळावतो. कायदेशीर विवाहाची तारीखच सर्वत्र लिहा, आणि दोन विधी का झाले, मधल्या काळात कोण कोठे राहिले, हे स्वतःहून सांगा.

न सांगितलेले लग्न

ह्या लेखातील एकच परिच्छेद वाचणार असाल तर हा वाचा. मुलाला कौशल्यावर आधारलेल्या योजनेतून पीआर मंजूर होतो; अर्ज ‘अविवाहित’ म्हणून केलेला असतो; निघण्याच्या पंधरवड्यात घरचे म्हणतात, आता लग्न करूनच जा; आणि विमानतळावर उतरून पीआर घेताना तो विवाहाचा उल्लेख करीत नाही, कारण ‘कशाला गुंतागुंत वाढवा’ असे कोणीतरी सांगितलेले असते. पीआर मिळण्याच्या क्षणी जो जोडीदार किंवा जे मूल अस्तित्वात होते, पण जाहीर केले गेले नाही आणि म्हणून तपासले गेले नाही, ते कुटुंब-वर्गातून वगळले जाते, असा नियम आहे. प्रेम खरे असो, संसार खरा असो, ह्या नियमापुढे त्याचा उपयोग होत नाही. २०१९ पासून एका तात्पुरत्या धोरणाने अशा काही कुटुंबांना सवलत मिळाली. ती सर्वांना नाही आणि कायमची नाही. पीआर हाती येण्यापूर्वी लग्न झाले, मूल झाले, घटस्फोट झाला, तर ते कळवलेच पाहिजे.

हेच तत्त्व जोडीदाराच्या अर्जालाही लागू आहे. पहिल्या लग्नाचे मूल दुसऱ्या पालकाकडे राहत असेल आणि कॅनडात येणार नसेल, तरी त्याचे नाव लिहा आणि त्याची वैद्यकीय तपासणी करून घ्या. नाहीतर पुढे त्या मुलाला बोलावण्याचा दरवाजा बंद होतो. आणि महत्त्वाची बाब दडवली किंवा खोटी सांगितली असे ठरले, तर पाच वर्षे कॅनडात प्रवेश नाही. जुना व्हिसा-नकार, मोडलेला साखरपुडा, मिटलेला पोलीस-खटला ह्यांपैकी एकही गोष्ट सांगितल्याने होणारे नुकसान लपवल्याने होणाऱ्या नुकसानाएवढे मोठे नसते.

अर्ज, शुल्क आणि तपासण्या

अर्ज ऑनलाइन भरला जातो. स्पॉन्सरचे आणि जोडीदाराचे नमुने एकत्रच सादर करावयाचे असतात. ३० एप्रिल २०२४ पासूनच्या दरांनुसार शुल्क असे: स्पॉन्सरशिपचे ८५, अर्जाच्या छाननीचे ५४५, आणि कायम वास्तव्याच्या हक्काचे ५७५, मिळून १,२०५ कॅनेडियन डॉलर, बोटांचे ठसे व छायाचित्र ह्यांसाठी ८५ वेगळे. हे दर दर दोन वर्षांनी वाढतात, म्हणून भरण्यापूर्वी त्या दिवशीचा आकडा पाहा. त्यांपैकी ५७५ डॉलरांची रक्कम अर्ज नामंजूर झाल्यास परत मिळते.

बोटांचे ठसे मुंबई किंवा पुणे येथील व्हिसा-केंद्रात देता येतात. वैद्यकीय तपासणी सरकारी यादीवरील डॉक्टरकडेच, आणि सूचना आल्यावर करावी. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा अन्य खर्चिक आजार आहे म्हणून जोडीदाराला नाकारता येत नाही, कारण आरोग्यसेवेवर पडणाऱ्या भाराची अट नवरा-बायकोला लागू नाही. पोलिसांचा दाखला गेल्या दहा वर्षांत जेथे जेथे सलग सहा महिने किंवा अधिक मुक्काम झाला त्या प्रत्येक देशाचा लागतो; दुबई, मस्कत येथे नोकरी केलेल्यांनी ह्या कामाला आधी हात घालावा, कारण देश सोडल्यावर तो मिळवण्यास वेळ लागतो.

मुलाखतीला बोलावले तर दुभाष्याची सोय मागता येते. मराठीत नीट सांगता येणारी गोष्ट मोडक्या इंग्रजीत सांगून बिघडवू नका.

अर्ज चालू असताना भेटीला जाता येते का?

व्हिजिटर व्हिसासाठी अर्ज करता येतो. पुढे कायम राहण्याची इच्छा असणे हे तात्पुरत्या भेटीस अपात्र ठरवणारे कारण नाही, असे कॅनडाच्या कायद्यातच म्हटले आहे. मात्र दिलेल्या मुदतीनंतर परत येऊ हे पटवावे लागते. नोकरीतील रजेचे पत्र, घर, परतीचा बेत जोडा, आणि स्पॉन्सरशिपचा अर्ज चालू आहे हे लपवू नका, कारण त्याची नोंद त्यांच्याकडे आहेच.

नकार आल्यास

बहुतेक नकारांपूर्वी अधिकारी शंका कळवून उत्तराची संधी देणारे पत्र पाठवतो. ते पत्र हेच तुमचे खरे न्यायालय समजा. प्रत्येक शंकेला क्रमवार आणि पुराव्यासह उत्तर द्या, आणि दिलेली मुदत अपुरी वाटली तर मुदत संपण्याआधी वाढ मागा. नकार आलाच तर पाच डॉलर भरून माहितीच्या अधिकारात अधिकाऱ्याची टिपणे मागवा. नकाराचे पत्र त्रोटक असते, खरी कारणे टिपणांत असतात. परंतु टिपणांची वाट पाहत अपिलाचे तीस दिवस घालवू नका. अपील आधी दाखल करा. जुन्याच कागदांवर नवा अर्ज टाकणे हा सर्वांत कमी उपयोगाचा उपाय आहे.

सल्लागार कोण असावा?

सल्लागार घेणे सक्तीचे नाही. घेतलाच तर पैसे घेऊन असा सल्ला देण्याचा अधिकार कॅनडातील प्रांतिक वकील-संघांचे सदस्य, क्वेबेकचे नोटरी, आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स ह्या नियामक संस्थेचे परवानाधारक सल्लागार ह्यांनाच आहे. ही संस्था नोव्हेंबर २०२१ पासून काम पाहते आणि तिच्या जाहीर यादीत प्रत्येक परवानाधारकाचे नाव तपासता येते. ‘तुमच्या वतीने सही मी करतो, माझे नाव अर्जात नको’ असे म्हणणाऱ्याकडून उठून या. पीआरची हमी देणाऱ्याकडूनही. सादर झालेल्या अर्जाची संपूर्ण प्रत मागून घ्या आणि ती दोघांकडेही ठेवा.

जो येतो, किंवा जी येते, तिचे हक्क

हा भाग बहुधा स्पॉन्सर वाचतो, आणि ज्याच्यासाठी लिहिला आहे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ऑक्टोबर २०१२ ते एप्रिल २०१७ ह्या काळात, काही जोडप्यांना पीआर टिकवण्यासाठी दोन वर्षे एकत्र राहण्याची अट होती. ती रद्द होऊन कित्येक वर्षे झाली, तरी तिचा धाक अजून घालण्यात येतो. आज पीआर मिळाल्यावर तो तुमचा स्वतःचा आहे. नवरा वा बायको रागावली, वेगळी झाली, किंवा घटस्फोट झाला, एवढ्याने तो जात नाही; ‘तुला परत पाठवीन’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाही स्पॉन्सरला कायद्याने दिलेला नाही. तुमचे लग्न खोटे होते किंवा अर्जात असत्य होते असे सिद्ध झाले तर गोष्ट वेगळी. पीआर टिकवण्यासाठी पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहावे लागते, आणि नागरिक असलेल्या जोडीदारासह परदेशी घालवलेले दिवसही त्यात धरता येतात.

पीआर मिळण्यापूर्वीच घरात मारहाण, कोंडणे, पैसे काढून घेणे असे काही घडू लागले, तर तातडीला ९११ आहे. आणि अशा व्यक्तींसाठी जुलै २०१९ पासून विनाशुल्क तात्पुरत्या वास्तव्य-परवान्याची खास तरतूदही आहे. त्यासाठी आधी पोलिसांत तक्रार नोंदवलेली असावी अशी अट नाही.

मुलगी परदेशी पाठवणाऱ्या आईवडिलांना एक विनंती आहे. तिचा पासपोर्ट, पीआरचे मंजुरीपत्र, विवाहाचे प्रमाणपत्र आणि अर्जाची प्रत ह्यांच्या छायाप्रती स्वतःकडे ठेवा, मूळ कागद तिच्याच ताब्यात राहतील असे पाहा, आणि अर्ज सादर होण्यापूर्वी त्यातील प्रत्येक पान तिने स्वतः वाचले आहे ह्याची खात्री करून घ्या; कारण त्यावर तिची सही असते, आणि त्यातील प्रत्येक विधानाला कायद्याने तीही जबाबदार असते.